ताप कॉम्प्युटरला, घाम घरच्यांना!

उन्हाळ्यात माणसांसाठी कूलर लावायचा, हे जबलपूरकरांना सांगावं लागत नाही. पण घरातल्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरलाही कूलर लागतो आणि तो निवडताना दुकानात जाऊन ‘चांगला द्या’ एवढं म्हणून भागत नाही. काय घ्यावं, किती पैसे घालावेत आणि मुळात घ्यावं तरी का, याचा हा साधासोपा हिशेब...

मे महिन्यातली दुपार. जबलपूरच्या गोहलपूर भागातल्या दाट वस्तीतली पहिल्या मजल्यावरची एक खोली डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर तापलेला स्लॅब, बाहेर पारा बेचाळीसच्या पुढे, खिडकीत घरघरणारा कूलर आणि टेबलाखालच्या लाकडी कप्प्यात बसवलेला कॉम्प्युटर. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवर हे घर चालतं. आठ दिवसांपूर्वीच्या लग्नाची फिल्म तयार करायला लावली आहे. वधूपक्षाची मंडळी रविवारच्या गाडीनं परत जाणार, त्याआधी पेनड्राइव्ह त्यांच्या हातात पडायला हवा. उरलेले पैसे तेव्हाच मिळणार. जानेवारीत जे काम दोन तासांत उरकायचं, त्याला आज साडेतीन तास झाले तरी पडद्यावरची हिरवी पट्टी सत्तर टक्क्यांवर रेंगाळते आहे. कॉम्प्युटरच्या आतला पंखा तर असा ओरडतोय की बोललेलं ऐकू येऊ नये. इंजिनीअरिंगला असलेली मुलगी आपलं प्रोजेक्ट घेऊन ताटकळत बसली आहे, कारण घरात कॉम्प्युटर एकच. ‘बाबा, नवीन प्रोसेसरच घेऊन टाका ना,’ असं तिचं मत. ‘आधी हा सीझन तर जाऊ दे,’ असं आईचं.

लग्नसराई आणि उन्हाळा एकाच वेळी येतात, ही या धंद्यातली खरी अडचण. प्रोसेसरला सर्वांत जास्त काम नेमकं त्याच दिवसांत असतं, जेव्हा त्याला गार ठेवणारी हवाच गरम झालेली असते. मग कोणीतरी सल्ला देतं, ‘चांगला कूलर टाकून घ्या.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. कोणता कूलर? पंधराशेचा, की दहा हजारांचा? आणि तो टाकून खरंच फरक पडेल का?

नाव एक, वस्तू दोन

पहिला घोळ शब्दाचाच. जबलपुरात कूलर म्हटलं की समोर उभी राहते ती पत्र्याची पेटी, तिच्या तीन बाजूंना लाकडाच्या भुशाच्या नाहीतर खसाच्या जाळ्या आणि तळाशी पाणी. इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘एअर कूलर हवाय’ म्हटलं, तर दुकानदार टाकी किती लिटरची हेच विचारणार.

प्रोसेसरचा एअर कूलर ही वेगळीच चीज आहे. त्यात पाण्याची टाकी नाही. पायाशी तांब्याचा गुळगुळीत ठोकळा, त्यातून वर गेलेल्या तांब्याच्या नळ्या, त्या नळ्यांवर ओवलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि पत्र्यांमधून हवा खेळवणारा एक पंखा. बस, एवढंच.

दोन्हींतला महत्त्वाचा फरक असा. खिडकीतला कूलर पाण्याचं बाष्पीभवन करतो, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात तो बाहेरच्या हवेपेक्षा गार हवा देऊ शकतो. प्रोसेसरचा कूलर हवा गार करत नाही. तो प्रोसेसरची उष्णता उचलतो आणि खोलीच्या हवेत टाकतो. म्हणजे खोली चाळीस अंशांवर असेल, तर जगातला सर्वांत महाग एअर कूलरसुद्धा प्रोसेसरला चाळीसच्या खाली नेऊ शकत नाही. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली, तरी निम्मी फसगत टळते.

पंख्याशिवायचे दिवस

कॉम्प्युटर आणि उष्णता यांचं नातं जुनं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधला गेलेला आणि १९६० साली कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ कॉम्प्युटर व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचा. ट्यूबा म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्याच. पुढे बँकांमधून, कॉलेजांमधून कॉम्प्युटर आले, तेव्हा त्यांच्यासाठी वातानुकूलित खोली राखून ठेवली जायची आणि चपला दाराबाहेर काढून आत जावं लागायचं.

घरगुती कॉम्प्युटरची गोष्ट मात्र सौम्य होती. १९८९ साली आलेले ४८६ जातीचे सुरुवातीचे अनेक प्रोसेसर पंख्याशिवाय चालत. १९९३ मध्ये पेंटियम आला. त्याची उष्णता पंधरा वॅटच्या आसपास गेली आणि प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसणं ही नेहमीची गोष्ट झाली. आज इंटेलचा कोअर आय९-१४९००के पूर्ण जोरात चालताना २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. जुन्या पद्धतीचा शंभराचा पिवळा बल्ब हाताला किती चटका द्यायचा ते आठवा. तसे अडीच बल्ब पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत कोंबल्यावर काय होईल?

प्रोसेसर जळून का जात नाही? कारण आजचा प्रोसेसर स्वतःचं तापमान स्वतः मोजतो. ठरलेली मर्यादा गाठली की तो वेग कमी करतो. तरीही ताप चढतच राहिला तर कॉम्प्युटर बंद करतो. ही सोय पूर्वी सर्वांत नव्हती. २००१ साली झालेल्या एका गाजलेल्या चाचणीत चालू प्रोसेसरवरून कूलर उचलला, तेव्हा त्या वेळचा एएमडीचा ॲथलॉन जळून गेला आणि पेंटियम ४ वेग कमी करून तगला. आता दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर तगतात. म्हणूनच मे महिन्यात कॉम्प्युटर ‘बिघडत’ नाही, मंदावतो. गोहलपूरच्या त्या खोलीतली हिरवी पट्टी रेंगाळत होती ती याच कारणानं.

नळीतल्या पाण्याची करामत

कूलरमधल्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आत अगदी थोडं पाणी किंवा तसाच एखादा द्रव असतो आणि हवा काढून घेतलेली असते. हवेचा दाब नसल्यामुळे हे पाणी कमी तापमानालाच उकळतं. खालच्या टोकाला प्रोसेसरची उष्णता घेऊन त्याची वाफ होते, वाफ वरच्या पत्र्यांकडे धावते, तिथे गार होऊन परत पाणी होतं आणि नळीच्या आतल्या जाळीदार अस्तरातून खाली झिरपतं. ना मोटर, ना पंप. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी उष्णतानळी करून दाखवली. अंतराळयानांसाठी उपयोगी पडलेली ही युक्ती आज आपल्या टेबलाखाली काम करते आहे.

नळ्या जितक्या जास्त, पत्र्यांचा पसारा जितका मोठा आणि पंखा जितका रुंद, तितकी जास्त उष्णता उचलली जाते. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो, म्हणून आवाज कमी. लहान पंख्याला त्यासाठी जिवाच्या आकांतानं फिरावं लागतं. ओरडणाऱ्या कॉम्प्युटरचं रहस्य बहुतेक वेळा हेच असतं.

तापमान नको, फरक पाहा

आता मुख्य मुद्दा. प्रोसेसरचं तापमान नव्वद आहे, म्हणजे कूलर वाईट का? एवढ्यावरून सांगताच येत नाही. आधी खोलीचं तापमान सांगा.

घरच्या वहीत हा हिशेब मांडता येतो. त्यासाठी भिंतीवरचा साधा थर्मामीटर हवा आणि कॉम्प्युटरमध्ये एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारखा एखादा फुकट मिळणारा प्रोग्रॅम. आपलं नेहमीचं सर्वांत जड काम, मग ते व्हिडिओ तयार करणं असो की एखादा खेळ, अर्धा तास चालू द्या. मग कॉम्प्युटर जिथून हवा आत घेतो तिथलं तापमान आणि प्रोसेसरचं तापमान, दोन्ही लिहा. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. उरतो तो ‘फरक’.

समजा, जानेवारीत खोली २० अंशांवर होती आणि प्रोसेसर ७६ वर. फरक ५६. काम तेच असेल, तर मे महिन्यातही हा फरक साधारण तेवढाच राहतो. खोली ४१ अंशांवर गेली की प्रोसेसर ९७ वर. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश आहे, एएमडीच्या अनेकांची ९५ किंवा ९० च्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात गुणी वाटणारा तोच कूलर उन्हाळ्यात काठावर येऊन उभा राहतो. दोष कूलरचा नाही आणि प्रोसेसरचाही नाही. खोलीनं वीसेक अंश वाढवून दिले, एवढंच.

म्हणून नातेवाइकांचे सल्ले जपून घ्यावेत. भोसल्यांच्या राजवटीपासून, पुढे रेल्वे, १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी आणि १९५६ नंतर हायकोर्ट, अशा निमित्तांनी जबलपुरात मराठी घरं रुजली. त्यांचे आतेभाऊ-मामेभाऊ पुण्या-मुंबईत असतात आणि फोनवर सांगतात, ‘अरे, माझ्याकडे डब्यातला पंखाच आहे, मस्त चालतो!’ चालत असेलही. पण ते एसीत बसून बोलत असतील आणि इथे स्लॅबखाली एक्केचाळीस आहेत. कूलरच्या परीक्षणांचंही तसंच. ती बहुधा वीस ते पंचवीस अंशांच्या खोलीत केलेली असतात. त्यातला आकडा थेट घेऊ नका. परीक्षणातल्या खोलीचं तापमान त्यातून वजा करा आणि आपल्या खोलीचं मिळवा.

मग आपल्याला किती फरक हवा? मर्यादेच्या दहा-बारा अंश खाली थांबायचं ठरवलं, तर १०० च्या मर्यादेला ८८ ते ९० पर्यंत जायला हरकत नाही. खोली कमाल ४२ धरा. म्हणजे फरक ४६ ते ४८ च्या आत यायला हवा. वहीत आज ५६ आहे. एकूण आठ-दहा अंशांचा प्रश्न! त्यासाठी नवा प्रोसेसर कशाला?

खर्चाआधी चार गोष्टी

बाजारात जाण्यापूर्वी ही चार कामं करून घ्यावीत. त्यांना पैसे लागत नाहीत, लागले तरी फार थोडे.

पहिलं, धूळ. दाट वस्तीत, रस्त्यालगतच्या खोलीत वर्षभरात पत्र्यांच्या फटींत धुळीची चक्क वाकळ तयार होते. प्लग काढून, बाजूचं झाकण उघडून मऊ ब्रश आणि ब्लोअरनं ती काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवावा, नाहीतर तो भरमसाट वेगानं फिरून खराब होऊ शकतो. ओलं फडकं मुळीच नको.

दुसरं, कप्पा. लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात कॉम्प्युटर शोभून दिसतो, पण स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढून घेतो. तो बाहेर काढा. भिंतीपासून निदान वीतभर अंतर ठेवा.

तिसरं, झाकणाची परीक्षा. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तेच जड काम अर्धा तास चालवून पाहा. प्रोसेसरचं तापमान सात-आठ अंशांनी उतरलं, तर समजा दोष कूलरचा नसून कॅबिनेटमध्ये हवा खेळत नसल्याचा आहे. मग पुढून हवा आत घेणारा एक आणि मागून बाहेर टाकणारा एक, असे दोन साधे पंखे बसवले की काम भागतं. झाकण कायमचं उघडं ठेवू नये. धूळ, पाल आणि लहान मुलांची बोटं, तिन्ही आत जातात.

चौथं, पेस्ट. प्रोसेसर आणि कूलर यांचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवेतून उष्णता फार कमी जाते, म्हणून मध्ये पेस्ट लावतात. काही वर्षांनी ती सुकते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवायची. कूलर दाबला की ती आपोआप पसरते. इंटेलच्या डब्यातल्या कूलरच्या चार प्लॅस्टिक खुंट्यांपैकी एखादी निसटलेली नाही ना, तेही याच वेळी पाहावं. एक खुंटी सैल असली तरी तापमान भलतंच चढतं.

याशिवाय एक बिनखर्ची उपाय सेटिंगमध्येच असतो. अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये प्रोसेसरनं जास्तीत जास्त किती वॅट घ्यावेत ते ठरवता येतं. एएमडीनं या सोयीला ‘इको मोड’ असं नाव दिलं आहे. वॅट बरेच कमी केले तरी वेग त्या मानानं थोडाच घटतो. रात्रभर फिल्म तयार करायला लावणाऱ्याला दहा मिनिटं जास्त लागली तर बिघडलं कुठे?

आणि एक सावधगिरी. तापमान मर्यादेपासून बरंच दूर असतानाही कॉम्प्युटर अचानक बंद पडत असेल, तर कूलर बदलू नका. पॉवर सप्लाय तपासून घ्या. ताप एकाला आणि औषध दुसऱ्याला, असं व्हायला नको.

आता निवड

एवढं करूनही फरक हवा तितका उतरला नाही, तर मात्र नवा कूलर घ्यावा. दुकानात जाताना चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून न्याव्यात.

वॅट : खोक्यावरचा ‘६५ वॅट’ हा आकडा पुरेसा नसतो. कोअर आय५-१२४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण जोरात चालताना तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. आय३-१२१०० ६० चा ८९ होतो, आय५-१३४०० ६५ चा १४८. एएमडीचा रायझन ५ ७६००एक्स १०५ चा १४२ होतो. कूलर निवडताना हा मोठा आकडा धरायचा. ढोबळ नियम असा की कूलर तोच असेल तर वॅट दुप्पट झाले की फरकही दुप्पट होतो. शंभर वॅटच्या आसपास चार नळ्यांचा आणि १२० मिलिमीटर पंख्याचा एक मनोरा पुरतो. दीडशेच्या पुढे सहा नळ्या आणि दोन पंखे असलेला जोडमनोरा पाहावा. अडीचशे वॅटच्या प्रोसेसरला बेचाळीस अंशांच्या खोलीत कोणताही एअर कूलर पूर्ण जोरात पळू देईल, अशी अपेक्षा करू नये. तिथे वॅटला लगाम घालणं हाच शहाणपणा.

सॉकेट : प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिचं नाव. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीला एलजीए १७००, एएमडीच्या रायझनना एएम४ किंवा एएम५. कूलरच्या खोक्यावर आपल्या सॉकेटचं नाव छापलेलं हवं. जुन्या इंटेल कॉम्प्युटरचा कूलर एलजीए १७०० वर तसाच बसत नाही, कारण भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झालं आहे. एएम४ चे बरेचसे कूलर मात्र एएम५ वर चालतात.

उंची : सर्वांत जास्त चुका इथे होतात. कूलर मास्टरचा हायपर २१२ साधारण १५९ मिलिमीटर उंच आहे, डीपकूलचा एके४०० १५५, तर नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५. कॅबिनेट अरुंद असेल तर झाकण लागतच नाही आणि मग दुकानाच्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात. घरीच पट्टी घेऊन प्रोसेसरच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतचं अंतर मोजावं आणि त्यातून पाच मिलिमीटर सोडावेत. शेजारच्या रॅमच्या पट्ट्या उंच असतील तर पंखा त्यांना अडतो का, तेही पाहावं.

पंखा : चार पिनांचा असावा, म्हणजे काम वाढेल तसा वेग वाढतो आणि एरवी शांत राहतो. बाजारात तसाच सुटा पंखा मिळतो का, हे विचारून घ्यावं. तांबं-ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं टिकतं, थकतो तो पंखाच. रंगीबेरंगी दिव्यांना शेपन्नास रुपये जास्त मोजायचे की नाही, हे मुलांना विचारून ठरवावं. थंडाव्याशी त्यांचा काही संबंध नाही.

किमतींचं म्हणाल तर चार नळ्यांचे एकेरी मनोरे साधारण दीड ते तीन हजारांत मिळतात. नावाजलेल्या बड्या जोडमनोऱ्यांची मजल दहा हजारांच्या घरात जाते. आय५-१२४०० सारख्या प्रोसेसरवर दहा हजारांचा कूलर बसवणं म्हणजे स्कूटरला ट्रकचा रेडिएटर लावणं. उलट आय७ किंवा आय९ मधला ‘के’ अक्षराचा प्रोसेसर घेतलात, तर डब्यात कूलर येतच नाही. तो खर्च आधीच धरून ठेवायला हवा.

पाण्याचा घ्यावा का?

‘लिक्विड कूलर लावा,’ असंही सुचवलं जातं. त्यात पंप असतो, नळ्या असतात आणि रेडिएटर. पण शेवटी त्या रेडिएटरमधूनही खोलीचीच हवा जाते. त्यामुळे खोलीपेक्षा गार होणं त्यालाही जमत नाही. खूप वॅटच्या प्रोसेसरला किंवा कॅबिनेटमध्ये उंच मनोरा मावत नसेल, तर त्याचा उपयोग आहे. पण एअर कूलरमध्ये बिघडण्यासारखा एकच भाग असतो, पंखा. आणि तो बाजारातून आणून घरी बदलता येतो. पंप थकला तर सहसा अख्खा संचच बदलावा लागतो. लग्नाच्या मुहूर्तावर धंदा चालवणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे.

खिडकीतल्या कूलरचं काय?

जबलपूरच्या घरात हा प्रश्न महत्त्वाचा. खिडकीतल्या कूलरनं मे महिन्याच्या कोरड्या हवेत खोली आठ-दहा अंशांनी उतरली, तर प्रोसेसरचं तापमानही जवळजवळ तेवढंच उतरतं. म्हणजे घरच्या माणसांसाठी केलेली सोय कॉम्प्युटरलाही लाभते. फक्त दोन पथ्यं पाळावीत. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवावं, नाहीतर खोलीत दमट हवा साचते आणि कूलरचा गारवा संपतो. आणि कॉम्प्युटर कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. झोताबरोबर पाण्याचे बारीक कण उडतात, त्यातले क्षार मदरबोर्डवर आणि पत्र्यांवर बसतात, त्यावर धूळ चिकटते. बाजूला, झोताच्या वाटेबाहेर, जमिनीपासून थोडा उंच अशी जागा उत्तम.

जुलै उजाडला की हवाच ओली होते आणि खिडकीतला कूलर निरुपयोगी ठरतो. पण तोवर पाराही उतरलेला असतो. वर्षातले कसोटीचे दिवस म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून पावसाच्या आगमनापर्यंतचे. कूलरची परीक्षा त्याच दिवसांत घ्यावी, दिवाळीच्या सेलमध्ये नव्हे.

बसवताना

कूलरच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो न काढताच कूलर बसवणारे महाभाग कमी नाहीत! स्क्रू एका बाजूनं पूर्ण पिळू नयेत. समोरासमोरचे दोन-दोन फेऱ्यांनी आवळावेत. मनोऱ्याच्या पंख्याची हवा कॅबिनेटच्या मागच्या दिशेला जायला हवी. एएम४ च्या प्रोसेसरवरचा जुना कूलर सरळ वर खेचू नये, प्रोसेसर त्याच्यासकट उपटून येतो. कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम झाली की बंद करून, प्लग काढून, कूलर हलकेच गोल फिरवत सोडवावा. आणि मुलगा किंवा मुलगी शिकायला बाहेरगावी जाताना कॉम्प्युटर रेल्वेनं नेणार असेल, तर जड मनोरा काढून वेगळा बांधावा. एनएच-डी१५ चं वजन पंख्यांसह सव्वा किलोच्या वर भरतं. प्रवासभर मदरबोर्डला ते लटकत राहिलं, तर पोचेपर्यंत काय शिल्लक राहील सांगता येत नाही.

पुन्हा त्या खोलीत

तर गोहलपूरच्या त्या खोलीचं काय? हिशेब करून पाहू. फरक होता ५६. समजा, धूळ काढून आणि नवी पेस्ट लावून पाच अंश सुटले, कप्प्यातून कॉम्प्युटर बाहेर काढून आणखी पाच. फरक ४६ वर आला. खोली ४१ वर असली तरी प्रोसेसर ८७ वर थांबतो. वेग कमी करायची पाळीच येत नाही, आणि खर्च पेस्टच्या एका नळीचा. पंख्याचा ओरडा नको असेल किंवा पुढच्या सीझनला काम वाढणार असेल, तर दोन हजारांच्या आसपासचा चार नळ्यांचा मनोरा घ्यावा. फरक आणखी दहाएक अंशांनी उतरेल. नव्या प्रोसेसरचे पैसे वाचतात ते वेगळेच.

मुलीनं सुचवलेला नवा प्रोसेसर त्याच बंद कप्प्यात, त्याच धुळीत बसवला असता तर? तोही पुढच्या मे महिन्यात असाच रेंगाळला असता. म्हणून आधी वही काढा, थर्मामीटर लावा आणि वजाबाकी करा. एवढं झालं तर रविवारची गाडी सुटायच्या आत पेनड्राइव्ह वधूपक्षाच्या हातात पडेल, आणि रात्री कॉम्प्युटर मोकळा मिळाला म्हणून मुलीचं प्रोजेक्टही मार्गी लागेल.